वाचनालयातला पाव तास

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र तुझ्या आईंच्या हाती पाठवतो आहे, त्यांच्या नव्या कवळीच्या डबीबरोबर. वकिलांमार्फत पाठवलं असतं तर त्यावर आधी शिक्का बसला असता, मग नंबर पडला असता, आणि तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं ‘अर्जदाराचे म्हणणे’ झालं असतं. मला अर्जदार म्हणून काही म्हणायचं नाही. पुढच्या मंगळवारी आपली तारीख आहे. न्यायाधीशबाई आपल्या भिंगरीला एकटीला आतल्या खोलीत बोलावणार आणि विचारणार, बाळ, तुला आईबरोबर जायचंय की बाबाजवळ राहायचंय? तो प्रश्न विचारला जायच्या आधी तू हे वाचावंस, एवढ्यासाठी ही धडपड. रागानं फाडायचं झालं तर वाचून फाड. मुलांच्या चुकलेल्या उत्तरपत्रिकासुद्धा तू शेवटपर्यंत वाचतेस. तेवढी सवलत मला दे.

मी बरा आहे. दुकान तिथेच आहे, दातांच्या दवाखान्यांमागच्या बोळात. दाराशी प्लास्टरचं पोतं, खिडकीशी मेण वितळवायचा दिवा, टेबलावर अनोळखी लोकांचे जबडे. सकाळी काम सुरू करण्याआधी पूर्वीसारखाच थोडा वेळ डोळे मिटून बसतो. तू म्हणायचीस, ‘देवाशी बोलता त्याच्या निम्मं माझ्याशी बोलला असतात, तर संसार सोन्याचा झाला असता.’ खरं सांगायचं तर देवाशीही मी फारसं बोलत नाही, नुसता बसतो. पण तुझ्या बदलीचा हुकूम आल्यापासून मात्र मी मागू लागलो होतो. रोज एकच मागणं, पोर माझ्याजवळ राहू दे. मग एका सकाळी डोळे मिटलेले असतानाच मनात आलं, की ही बाईही आत्ता तिकडे हेच मागत असणार. एकाच पोरीसाठी देवाच्या दाराशी दोन अर्ज, दोघांचेही कागद चोख, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. त्या बिचाऱ्यानं करायचं काय? मला हसू आलं. ते ओसरल्यावर मात्र पुढे काही मागवेना.

तुला मुख्याध्यापिका केलं याचा मला आनंद झाला होता, हे कोर्टाच्या भानगडीत सांगायचं राहूनच गेलं. तू त्या खुर्चीसाठीच घडलेली आहेस. घरातसुद्धा तू भाजी चिरायला बसलीस तरी वर्ग भरल्यासारखा वाटायचा. पण ते गाव पडलं एका दिवसाच्या प्रवासावर. नवं शालेय वर्ष सुरू झालं की तुला तिकडे रुजू व्हायचं, म्हणजे आठवडा तुझा, आठवडा माझा असं जे आपलं कसंबसं चाललं आहे, ते मोडणार. मग तू म्हणालीस, मुलगी वयात येते आहे, तिला आई हवी. मी म्हणालो, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, सगळं इथे आहे, तिला मुळासकट उपटू नकोस. दोन्ही बरोबर. म्हणूनच भांडण मिटेना. चूक असती तर कुणीतरी माघार घेतली असती. आणि कागदावर आला तो शब्द, ताबा. आमच्या गावाकडे तो शेताच्या बांधासाठी वापरत. मुलीच्या नावापुढे तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला पेलाभर पाणी प्यावं लागलं होतं.

तुला आठवतं, भिंगरी लहान असताना येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला विचारायचा, ‘सांग बघू, तुला कोण जास्त आवडतं, आई की बाबा?’ आणि ती स्वयंपाकघराच्या मधोमध हात पसरून गरगर फिरायची आणि ओरडायची, ‘आईस्क्रीम!’ त्या फिरण्यावरूनच तर तिचं नाव पडलं. तुझे काका तर दर भेटीत विचारायचे. एकदा ती त्यांना म्हणाली, ‘काका, तुम्ही मागच्या वेळीपण हेच विचारलं होतं. तुमच्या लक्षात राहत नाही का?’ तू पदरात तोंड लपवून हसत होतीस. आता अकरावं सरलं तिचं. फिरत नाही. आली की आधी सगळ्या खोल्यांकडे एक नजर टाकते, माझ्या चेहऱ्याकडे बघते, आणि मग ठरवते की आज कसं वागायचं. हे मला फार उशिरा दिसलं. त्याचंच सांगतो.

वाचनालयाची व्यवस्था दोन्ही वकिलांनी मिळून बसवली होती. आपण समोरासमोर आलो की शब्दानं शब्द वाढतो, म्हणून तू रविवारी पाचला तिला वाचनालयात सोडायचं आणि मी सव्वापाचला न्यायचं. पुढच्या रविवारी उलट. मधला पाव तास म्हणजे आपल्या दोघांच्या मधली भिंत. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. पोरगी पुस्तकं चाळेल, तेवढाच विरंगुळा, असं आपण दोघांनीही मनाला सांगितलं. त्या पाव तासात ती कुणाची असते, हा प्रश्न तुझ्या मनात आला नाही, माझ्याही नाही.

माझ्याकडच्या आठवड्यात ती शाळा सुटली की दुकानात येते. मी तिला उरलेलं गुलाबी मेण देतो. ती त्याचे प्राणी करते. एक ससा तर असा केला होता, की कान हलतील असं वाटावं. मी तो खिडकीत ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ‘वारस तयार झाला तुमचा.’ मी वर वर ‘कसला वारस’ म्हणालो, पण दिवसभर छाती फुगलेली होती. आणि एकदा, निजायच्या वेळी मी तिचं पांघरूण नीट करत असताना, ती आपण होऊन म्हणाली, ‘बाबा, इथेच मला शांत झोप लागते. आईकडे नाही लागत.’ मी काही विचारलं नव्हतं गं. निदान तोंडानं विचारलं नव्हतं. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी वकिलांकडे गेलो. वकीलसाहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘वा! हा हुकमाचा पत्ता. मुलीची स्वतःची इच्छा.’ माझ्या अर्जात ते वाक्य तसंच्या तसं गेलं.

मग तुझा अर्ज आला, आणि त्यात तेच वाक्य. ‘मुलीने आईस स्वतःहून सांगितले आहे की, तिला आईकडेच शांत झोप लागते.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, मास्तरीणबाईंनी कॉपी केली! कोर्टाच्या व्हरांड्यात तू माझ्यासमोर उभी राहिलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘लाज नाही वाटत? पोरीकडून पाठ करून घेता?’ मी म्हणालो, ‘पाठ करून घ्यायला मास्तर मी आहे की तू?’ बाकावरचे लोकसुद्धा हसले. तू पाठ फिरवलीस, मी पाठ फिरवली. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. तुझ्याविषयी आजवर मला पुष्कळ काही वाटलं असेल, पण तू खोटारडी आहेस असं कधी वाटलं नव्हतं, आणि आता ते मानायला मी तयार झालो होतो. तूही माझ्याबद्दल तेच मानलं असशील. नसशील मानलंस, तर तू माझ्यापेक्षा मोठी.

मागच्या आठवड्यात आई दुकानात आल्या. कवळी धुताना बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले होते. रुमालात बांधून आणले होते. तुला सांगितलं नव्हतं म्हणे, कारण ‘ती नव्या डॉक्टरकडे नेईल, आणि नवा डॉक्टर माझ्या तोंडात घोड्याचे दात बसवील.’ एक गंमत सांगू? मी जावई होतो तेव्हा आई मला ‘अहो’ म्हणायच्या, मी दिसलो की पदर सावरायच्या. नातं कागदावर तुटलं त्या दिवसापासून ‘अरे’ म्हणू लागल्या. आल्या आल्याच म्हणाल्या, ‘अरे, त्या दिव्याखाली बसून बसून डोळे घालवशील. चहा टाक.’ मी तुटलो आणि त्यांचा मुलगा झालो. दात नसले की त्या फार स्पष्ट बोलतात. दात बसवले की त्यांना पोच येते.

नव्या कवळीसाठी दोन्ही जबडे कुठे मिळतात ते आधी बघावं लागतं. त्यासाठी तोंडात मेणाची चंद्रकोर ठेवून माणसाला ती चावायला लावतात. मी ती ठेवली आणि म्हणालो, ‘आई, नेहमीसारखं चावा.’ झालं! त्यांनी खालचा जबडा पुढे काढला. ‘नेहमीसारखं’ म्हटलं की कुणालाच नेहमीसारखं जमत नाही. समोरच्याला काय हवं असेल याचा अंदाज घेऊन माणूस तसं चावून दाखवतो. पुन्हा सांगितलं, तर त्यांनी उजवीकडे काढला आणि वर मलाच रागावल्या, ‘काय हवंय ते एकदा नीट सांग ना!’ मग मी नेहमीची युक्ती केली. म्हणालो, ‘राहू दे. नुसती थुंकी गिळा.’ गिळताना जबडा आपोआप आपल्या घरी जातो. मेणावर खरी खूण उमटली. मी ती खूण बघतच होतो, तेवढ्यात आई तोंड पुसत म्हणाल्या, ‘अरे, कशाला भांडतोस पोरीसाठी? तिनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आजी, इथेच मला शांत झोप लागते, बाबाकडे नाही लागत. आणि त्या मेणाच्या वासानं तिचं डोकं दुखतं म्हणे. आता बोल!’

हातातलं मेण थंड होऊन गेलं. आई खोटं बोलत नाहीत, आणि दात नसताना तर मुळीच नाही. म्हणजे तू खोटं लिहिलं नव्हतंस. मीही नव्हतं लिहिलं. एकच वाक्य, फक्त माणसांची जागा बदललेली, ती दोन्ही घरांत देत होती, आपण दोघं ते प्रसादासारखं ओंजळीत घेत होतो, आणि तसंच नेऊन वकिलांच्या टेबलावर ठेवत होतो. मला तिचा राग आला का? पहिल्या घटकेला आला. सशाचं मेण आठवलं आणि आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. पण त्या रात्री मी विचार करत राहिलो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आपण दोघंही तिच्यासमोर रोज काहीतरी भुकेल्यासारखे बसत होतो, आणि तिच्याजवळ आपल्याला घालायला एवढंच होतं. तुझ्या घरात तिनं तुला जेवू घातलं, माझ्या घरात मला. तिच्या वाट्याला काय राहिलं, ते मात्र आपण पाहिलं नाही.

रविवारी मी वाचनालयात पाचच्या आधीच गेलो. मुद्दाम गेलो, आणि वर्तमानपत्रांच्या रॅकमागे बसलो. कराराचा भंग केला म्हण हवं तर. तू तिला दारात सोडलंस. तुझी स्कूटर वळेपर्यंत ती हसत हात हलवत उभी होती. स्कूटर दिसेनाशी झाली आणि तिनं ते हसू असं काढून ठेवलं, जसा कुणी चष्मा काढून घडी घालतो. मग ती कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली, बूट काढले, दप्तरावर डोकं ठेवलं आणि झोपली. पुस्तक नाही, मासिक नाही. बघता बघता झोपली. तोंड जरासं उघडं होतं, लहानपणी असायचं तसं. माझ्या घरात ती अशी झोपत नाही. माझ्या घरात तिचे ओठ मिटलेले असतात. मी रॅकमागून उठलो तर ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, ‘आज लवकर? उठवू नका हं तिला. ती दर रविवारी झोपते. मी पंखा तिच्याकडे वळवून ठेवते. तुमची वेळ झाली की आपली आपण उठते, तोंड धुते, वेणी सोडते. आईचा रविवार असला की उलट, वेणी घालते.’ आणि मग त्या फार साधेपणानं म्हणाल्या, ‘गुणी आहे हो पोर. कुणाला त्रास म्हणून नाही.’

वेणीचं मला माहीतच नव्हतं. कधीतरी मी म्हणालो असेन, केस मोकळे छान दिसतात. तू म्हणाली असशील, वेणी नीटनेटकी दिसते. एवढंच. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. आपण दोघं ज्या शांत झोपेवरून कोर्टात भांडत होतो, ती तुझ्या घरात नव्हती, माझ्याही नव्हती. ती त्या टेबलावर होती, जिथे तुझं कुणी नाही, माझं कुणी नाही, आणि कुणी काही विचारत नाही. त्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या पायांत बसून मी कितीतरी दिवसांनी पुन्हा देवाकडे मागितलं. पोर मागितली नाही. आमची दोघांची तोंडं बंद कर, एवढं मागितलं. मग वेळेवर आत गेलो. ती केस मोकळे सोडून, हसत, दप्तर सावरत सामोरी आली. म्हणाली, ‘बाबा, मी तुझीच वाट बघत होते.’ मी म्हणालो, ‘हो का? चल.’ तिच्या गालावर दप्तराच्या चेनचा वळ उमटला होता. तो मी बघितला नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेलो आणि सांगितलं, मुलीला आत बोलवायला नको. ते खुर्चीत मागे रेलले. ‘अहो, जिंकत आलेली केस सोडताय? पोरगी तुमच्या बाजूनं बोलणार आहे.’ मी म्हणालो, ‘ती दोघांच्या बाजूनं बोलणार आहे. तीच तर अडचण आहे.’ त्यांना ते कळलं नाही, आणि मीही फोड करून सांगितलं नाही. तिची गोष्ट फक्त तुला सांगतो आहे. विचार कर, त्या खोलीत काय होईल. न्यायाधीशबाई चांगल्या आहेत, तिला जवळ बसवतील, गोड बोलतील. पण तिथे ‘आईस्क्रीम’ म्हणता येणार नाही. तिला दोघांपैकी एकाचं नाव घ्यावं लागेल, आणि ज्याचं घेणार नाही, त्याला तिनं दिलेलं वाक्य तिथल्या तिथे खोटं पडेल. आपण सावरू. आपल्याला सवय आहे. पण आपण आई किंवा बाबाला दगा दिला, हे ओझं ती आपल्या वयाची होईपर्यंत वाहील. आणि कुणाला सांगणारही नाही, कारण कुणाला त्रास म्हणून द्यायचा नाही, हे तिला आत्ताच येतं.

मग करायचं काय? तुझी बदली रद्द होणार नाही आणि व्हायलाही नको. मी बरेच दिवस हा गुंता एकाच टोकानं सोडवत होतो, पोर कुठे जाईल, पोर कुठे राहील. दुसरं टोक माझ्याच हातात होतं. दात सगळीकडे पडतात, मास्तरीणबाई. तुझ्या त्या गावातही म्हातारी माणसं असतील, तीही भाकरतुकडा चावतच असतील. मी तिथे येतो. दुकान माझ्याबरोबरच्या कारागिराला चालवायला देतो. त्याचा हात आता माझ्याइतकाच बसला आहे, फक्त दात जरा जास्त पांढरे निवडतो. माझ्या ताईला सांगितलं तर तिनं आकाशपाताळ एक केलं. ‘बायको सोडलीस, आणि आता तिच्या बदलीच्या गावी बिऱ्हाड करतोस? अरे, लोक तोंडात शेण घालतील!’ मी म्हणालो, ‘ताई, लोकांच्या तोंडातच तर माझं काम असतं.’ ती हसली आणि मग रडली. मलाही सोपं नाही, खोटं कशाला बोलू? इथली खिडकी उत्तरेची आहे, दातांचा रंग त्या उजेडात जसा कळतो तसा दुसरीकडे कळेल की नाही, कोण जाणे. इथे डॉक्टर मला नावानं ओळखतात. पन्नाशीला टेकलेला माणूस तिथे दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवणार, नमुने दाखवणार, आणि पोरसवदा डॉक्टर म्हणणार, ‘ठेवून जा, बघू.’ होईल. पण हे कुणी माझ्यावर लादलेलं नाही, त्यामुळे जड जाणार नाही.

हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तुझ्या मागे मागे येतो आहे असं समजू नकोस. आपलं जे संपलं ते संपलं, ते उकरायला मी येत नाही. तुझ्या दारावरून रोज फेऱ्या मारणार नाही, तुझ्या घरी कोण येतं-जातं ते बघणार नाही, तुझ्या शाळेत तोंड दाखवणार नाही. चार रस्ते सोडून खोली घेईन, पण पोरीला पायी जाता येईल एवढ्याच अंतरावर. शाळेचे दिवस तुझ्याकडे की आठवडा आठवडा, ते तू ठरव. शाळेतलं तुला जास्त कळतं. तू ठरवशील त्याखाली मी सही करीन, आणि तो कागद दोन्ही वकिलांनी मिळून मंगळवारी दिला, की तिला आत बोलवावंच लागणार नाही. मेण हवं असेल तर तिनं मागावं, मी पुढे करणार नाही. आणि एक मागणं आहे. तिला कधीही, रागाच्या भरातही, कळू द्यायचं नाही, की आपण दोघांनी एकमेकांची वाक्यं ताडून पाहिली. ‘तू बाबालाही असंच म्हणाली होतीस ना?’ हे तुझ्या तोंडून नको, माझ्याही नको. तिनं दिलं, आपण घेतलं. तो विषय तिथेच मिटला.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. येत्या रविवारी तिला सोडायची पाळी माझी आणि न्यायची तुझी. मंगळवारच्या आधीचा तो एकच रविवार. त्या दिवशी तू सव्वापाचला येऊ नकोस, पाचलाच ये, आणि मागच्या दारानं ये. मी तिला सोडून गेल्यासारखं करीन आणि तिचा डोळा लागला की परत येईन. मग आपण दोघं तिच्या टेबलाशी बसू, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बोलायचं नाही. भांडण आलंच ओठांवर तर समोर मासिकं आहेत, एकेक हातात घेऊ. तिला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. पाव तास झाला, अर्धा झाला, वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी उठवायचं नाही. ग्रंथपालबाईंना मी सांगून ठेवलं आहे. ती आपली आपण जागी होईल, आपल्याला दोघांना एकत्र बघून दचकेल, आणि तिचा हात आधी केसांकडे जाईल, कारण वेणी घालावी की सोडावी हेच तिला कळणार नाही. त्या वेळी तू बोल. माझ्या तोंडून शब्द फुटणार नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तिला एवढंच सांग, की मंगळवारी तुला कुणी काही विचारणार नाही, झोप अजून थोडी.

तुझी वाट बघणारा,
भिंगरीचा बाबा